बाविसावा शब्द

१

उठवे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. मशीन उठवणारा माणूस म्हणून ऑफिसात कुणीतरी ते गमतीने लावलं आणि ते असं चिकटलं, की पुढे पुढे नव्या माणसांना खरं आडनाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्यांनीही कधी तक्रार केली नाही. तेवीस वर्षं रोज सकाळी सहाला ते मशीन उठवत आले होते, तेव्हा नाव तसं खोटंही नव्हतं.

मशीन म्हणजे हवामानाचे आकडे करणारं, एक अख्खी खोली अडवून बसलेलं, लोखंडी कपाटांचं धूड. संध्याकाळी ते बंद करत, आणि बंद केलं की ते सगळंच विसरायचं. सकाळी वीज दिली तरी नुसतं गुरगुरत उभं राहायचं. कागदी फीत कशी वाचायची एवढंसुद्धा त्याला आठवत नसे. ते त्याला रोज नव्याने शिकवावं लागे. त्यासाठी पुढच्या पॅनेलवर अठरा खटके होते, एका ओळीत, आणि प्रत्येक खटक्याच्या डोक्यावर एक बारीक दिवा. खटके ठरल्याप्रमाणे वर-खाली लावले की एक शब्द तयार. मग बाजूची कळ दाबायची, की तो शब्द मशीनच्या पोटात. असे बावीस शब्द गेले की फीत आपोआप सरकायला लागायची, मशीन जागं व्हायचं आणि मग दिवसभर कुणाला दाद द्यायचं नाही.

हे काम दोघांचं होतं. एकाने मागे स्टुलावर बसून कार्डावर लिहिलेले शब्दांचे आकडे वाचायचे, एका आकड्याला तीन खटके, आणि दिवे बरोबर लागले का ते बघायचं. दुसऱ्याने खटके लावायचे आणि नजर खटक्यांवरून हलवायची नाही, कारण मान वळली की बोट जागा चुकतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. शब्द लागला की लावणाऱ्याने ‘हं’ म्हणायचं, मग वाचणाऱ्याने पुढचा वाचायचा. चुकला तर वाचणाऱ्याने ‘पुन्हा’ म्हणायचं. याखेरीज एक अक्षर बोलायचं नाही, अशी शिस्त होती.

वाचायला बसायची ती उठव्यांची बायको. ऑफिस सगळं तिला वहिनी म्हणायचं, आपणही तेच म्हणू. लग्नाआधीपासून वहिनी त्याच खोलीत कामाला होत्या आणि दोघांचं जमलं तेच मुळी या बावीस शब्दांवर. कार्ड वहिनींच्याच अक्षरात होतं. बायको बोलते, नवरा निमूट ऐकतो आणि वर ‘हं’ही म्हणतो, असं पृथ्वीच्या पाठीवर फक्त आमच्या मशीनच्या खोलीत घडतं, असं मोठे साहेब पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत. उठवेही दरवेळी नव्याने हसत.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. त्याच खोलीत, त्याच स्टुलावर. साहेबांनी वाचायला दुसरं माणूस द्यायची तयारी दाखवली होती, पण उठवे नको म्हणाले. त्यानंतर ते एकटेच बसत. स्वतःच आकडे म्हणत, स्वतःच लावत आणि स्वतःलाच ‘हं’ म्हणत. स्टूल मागे होतं तिथेच राहिलं. त्याच्यावर कुणी बसत नसे आणि ते तिथून कुणी हलवतही नसे.

२

मग एका सोमवारी बॉक्स आला. जेवणाच्या डब्याएवढा, पुढे एक हिरवं बटन. तो बसवायला कंपनीकडून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या, बोलक्या, चष्मा केसांत खोचून दिवसभर तोच शोधणाऱ्या. त्यांनी उठव्यांना मुद्दाम शेजारी उभं केलं आणि बटन दाबायला सांगितलं. उठव्यांनी दाबलं. पापणी लवते न लवते तोच फीत सरकायला लागली.

“बावीसच्या बावीस शब्द आतच तारांत पक्के विणलेत,” बाई म्हणाल्या. “याला कुणी वाचून दाखवावं लागत नाही.”

उठवे म्हणाले, छान आहे. दुसरं काय म्हणणार? हाच बॉक्स वर्षभर आधी आला असता तर, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो तिथेच दाबला.

ऑफिसची वेळ सहाची आठ झाली. तेविसाव्या दिवशी, म्हणजे महिनाअखेरीला, उठवे निवृत्त होणार होते आणि त्याच दुपारी जुनं पॅनेल उतरवून भंगारात टाकणार होते. दुसऱ्या दिवशीचं तिकीट मुलीने काढून पाठवलं होतं. ती लांब राहत होती, तिचं मूल आता वर्षाचं झालं होतं आणि बाबांनी कायमचं तिकडेच यावं असा तिचा हट्ट होता. दर रविवारी तिचा फोन यायचा. मूल काय करतं, जेवलात का, ट्रंक भरली का, असं सगळं झालं की ती मग तोच प्रश्न विचारायची.

“बाबा, आईला त्रास नाही ना झाला?”

“क्षणात झालं गं,” उठवे म्हणायचे. “मला कळायच्या आत.”

यातलं ‘मला कळायच्या आत’ तेवढं खरं होतं. बाकीचं काय होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं हेच त्यांचं दुखणं होतं.

वहिनी गेल्या त्या दिवशी घरून निघतानाच दोघांचं वाजलं होतं. मुलीचं बाळंतपण जवळ आलं होतं. वहिनी म्हणत होत्या, महिनाभर दोघं जाऊ. उठवे म्हणाले, मग मशीन कोण उठवणार? त्यावर वहिनींनी अबोला धरला. दोघं दहा पावलांचं अंतर ठेवून ऑफिसात आले आणि कामाला बसले. वहिनी कोरड्या आवाजात आकडे वाचत होत्या. एकविसावा शब्द लागला, उठव्यांनी ‘हं’ म्हटलं, कळ दाबली आणि पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. शब्द आला नाही. त्यांना वाटलं, आता हिचा राग कामातही उतरला. बरं तर, बघू कोण आधी बोलतं. मान न वळवता, खटक्यांवर बोट ठेवून ते बसून राहिले. शिस्तही तीच होती, आणि रागही होताच. एकविसावा शब्द रोज सहा दहाला व्हायचा. शेवटी ते चिडून मागे वळले तेव्हा पॅनेलवरच्या घड्याळात सहा चौदा झाले होते. वहिनी कपाटाला टेकून बसल्या होत्या. कार्ड मांडीवर होतं. डोळे उघडे होते आणि त्यांच्याकडेच होते.

डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. एखादं मिनिट गेलं असेल, चार-पाचही गेली असतील. त्या चार मिनिटांबद्दल उठवे कुणाशीच बोलले नाहीत. वर्षभर ते एकच गोष्ट स्वतःला विचारत होते, की त्या चार मिनिटांत ती होती का, आणि असली तर काय करत होती.

३

बॉक्स बसला त्या दुसऱ्या दिवसापासून उठवे आठला यायला लागले. म्हणजे येत आठला, पण जाग साडेपाचलाच यायची. मग सहा वाजता ते पांघरुणात पडून असत आणि त्यांची बोटं पांघरुणावर आपोआप वर-खाली होत. त्यांना स्वतःचंच हसू यायचं.

पहिल्या सकाळी खोलीत शिरल्या शिरल्या त्यांना पॅनेल काहीतरी वेगळं दिसलं. काम झालं की अठराही खटके खाली करून जायचे, हा नियम त्यांनी काल संध्याकाळीही पाळला होता. आता त्यातले काही वर होते. झाडणाऱ्या मावशींचा फडका लागला असणार, असं म्हणून ते खटके खाली करायला गेले आणि त्यांचा हात थांबला. तो पहिला शब्द होता. बावीसपैकी पहिला, बिनचूक.

असा योगायोग होऊ शकतो का, याचा त्यांनी चहा पीत हिशेब मांडला. होऊ शकतो, पण लाखांत एखाद्या वेळी. मग त्यांनी दुसरी शक्यता धरली, की काल निघताना आपल्याच हाताने सवयीने पहिला शब्द लावला असेल. वय झालं, असं होतं. त्यांनी खटके खाली केले आणि संध्याकाळी जाताना एकेकावर बोट ठेवून मोजून बघितले. अठराही खाली.

दुसऱ्या सकाळी दुसरा शब्द लागलेला होता.

त्यांनी मावशींना विचारलं. मावशी म्हणाल्या, मी त्या पेटाऱ्याला हात लावत नाही बाबा, मला त्याची भीतीच वाटते. शिवाय आता आठनंतर झाडायला येते, तुमच्या डोळ्यांदेखत. हे खरंच होतं. तिसऱ्या सकाळी तिसरा शब्द होता, चौथ्या सकाळी चौथा. रोज फक्त एक. जणू कुणीतरी वाचतंय आणि कुणीतरी लावतंय, पण दोघांनाही कसलीच घाई नाही.

आठवड्याभरात त्यांची एक गोष्ट लक्षात आली आणि ती त्यांना मुळीच आवडली नाही. सकाळी सहाला पांघरुणावर त्यांची बोटं आता बावीस शब्द लावत नव्हती. एकच लावत आणि थांबत. ऑफिसात जाऊन बघावं तर पॅनेलवर तोच शब्द.

४

गेटवरचा पहारेकरी या महिन्यातच नवा आला होता. जुना गावी गेला होता. नवा माणूस तरुण होता, नजर चांगली होती आणि नाकासमोर बघून काम करायचा. नवव्या सकाळी उठवे आत शिरत होते तेव्हा तो गोंधळलेला दिसला.

“साहेब, तुम्ही परत बाहेर कधी गेलात?”

“परत म्हणजे? मी आत्ताच येतोय.”

“पहाटे गेलात की आत. सहाच्या आधी. मी सलाम केला, तुम्ही बघितलं नाही. रागात दिसलात.”

उठवे म्हणाले, दुसरं कुणी असेल. तो म्हणाला, असेल साहेब. पण त्याच्या चेहऱ्यावरून त्याला ते पटल्यासारखं दिसलं नाही. उठव्यांनाही पटलं नाही. ते दिवसभर एकच ताडून बघत राहिले: आपण झोपेत उठून इथवर चालत येतो का? घरापासून ऑफिस अर्ध्या तासाच्या अंतरावर होतं. रात्री त्यांनी घराला आतून कुलूप लावलं, किल्ली पिठाच्या डब्यात पुरली आणि चपला माळ्यावर टाकल्या. सकाळी पीठ सपाट होतं आणि चपलांवर धूळ होती. ऑफिसात दहावा शब्द लागलेला होता.

बाराव्या दिवशी इंजिनिअर बाई बॉक्स तपासायला आल्या. त्यांनी पॅनेलच्या मागच्या तारा कापल्या, तारांची गुंडाळी करून खोक्यात टाकली आणि पुढून खटक्यांवर जाड पारदर्शक झाकण बसवून चार स्क्रू आवळले. आता हे नुसते खटके, म्हणाल्या, दिवाळखोराच्या दुकानासारखे. उठव्यांना खूप बरं वाटलं. त्या संध्याकाळी ते बऱ्याच दिवसांनी घरी जाताना गुणगुणले.

तेराव्या सकाळी झाकण जागच्या जागी होतं. स्क्रूवरचा रंगसुद्धा उडालेला नव्हता. झाकणाच्या आत तेरावा शब्द लागलेला होता.

बाई दुपारी परत आल्या तेव्हा त्यांनी ते पाहिलं, मग उठव्यांकडे पाहिलं आणि चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर लावला. त्यांना वहिनींबद्दल कुणीतरी सांगितलेलं असावं.

“तुम्हीच करता ना हे?” त्या अगदी हळू म्हणाल्या. “करा हो. मी कुणाला नाही सांगणार. इतक्या वर्षांचा हात आहे, तो असा एका दिवसात थोडाच थांबतो?”

उठव्यांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. इतक्या मायेने कुणी त्यांच्याशी वर्षभरात बोललं नव्हतं, आणि त्याच क्षणी त्यांना कळून चुकलं की ही गोष्ट कुणालाही सांगून उपयोग नाही.

५

चौदाव्या सकाळी शब्द चुकलेला होता.

उठव्यांना आधी हसूच आलं. सतरा खटके बरोबर होते, डावीकडून पाचवा मात्र खाली हवा तो वर होता. म्हणजे जो कुणी हे करतो तोही माणूस आहे म्हणायचा, चुकतो म्हणायचा. त्यांना एकदम हलकं वाटलं. ते झाकणावर बोट ठेवून त्या पाचव्या खटक्याकडे बघत राहिले, आणि बघता बघता त्यांचं हसू ओसरलं.

हा चुकलेला शब्द त्यांनी आधी पाहिला होता. तेवीस वर्षांत त्यांचा हात चौदाव्या शब्दाला एकदाच चुकला होता. अबोल्याच्या त्या सकाळी. रागाच्या भरात डावीकडून पाचवा खटका वर गेला होता, आणि मागून वहिनींचा आवाज आला होता, “पुन्हा.” आकडे सोडले तर वहिनी त्यांच्याशी शेवटचं बोलल्या ते एवढंच. ही चूक लगेच दुरुस्त झाली होती. ती कुठे नोंदलेली नव्हती. ती फक्त दोघांना माहीत होती.

पंधराव्या सकाळी पंधरावा शब्द यायला हवा होता. तो आला नव्हता. चौदावाच होता, आता दुरुस्त केलेला.

उठवे आपल्या खुर्चीत बसले. मागे स्टूल होतं. मान वळवून त्याच्याकडे बघावं असं त्यांना फार वाटलं आणि ते धाडस झालं नाही. हे कुठलं तरी भूत नव्हतं, की यंत्राचा बिघाडही नव्हता. ही ती सकाळ होती. तीच, रोज एक शब्द करत, त्यांच्या दिशेने येत होती.

६

त्यांनी बोटांवर मोजलं. एक दिवस चुकीत गेला होता, म्हणजे बाविसाव्या सकाळी एकविसावा शब्द आणि तेविसाव्या सकाळी बाविसावा. तेविसावा दिवस त्यांचा शेवटचा. बाविसावा शब्द त्या सकाळी कुणी वाचलाच नव्हता. मग आता तो कोण वाचणार होतं?

रविवारी मुलीचा फोन आला. मूल आता धरून उभं राहतं, म्हणाली. तुमची खोली रंगवून घेतली, म्हणाली. मग तिने तो प्रश्न विचारला. उठव्यांच्या जिभेवर नेहमीचं उत्तर आलं नाही. ते म्हणाले, आलो की सांगतो.  मग ती म्हणाली, बाबा, काय सांगणार आहात? ते म्हणाले, मलाच अजून ठाऊक नाही गं. फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, हे असं बोलायला नको होतं. पोर आता रात्रभर जागी राहील.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? तब्येतीचं कारण सांगून चार दिवस घरी बसला असता, ट्रंक भरली असती, तिकीट खिशात घातलं असतं आणि पॅनेल भंगारात गेल्यावर चहा प्यायला ऑफिसात गेला असता. उठव्यांना हे सगळं सुचलं होतं. पण वर्षभर ज्या चार मिनिटांनी त्यांना झोपू दिलं नव्हतं, ती चार मिनिटं आता त्या खोलीत येणार होती. या वेळी आपण वळायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. लगेच वळायचं. तिचा हात धरायचा. मग पुढे काय व्हायचं ते होवो.

बाविसाव्या सकाळी एकविसावा शब्द लागलेला होता. खटक्यांवरचे दिवे तारा कापल्यावर विझायला हवे होते. ते पेटलेले होते.

संध्याकाळी त्यांनी ट्रंक भरली. तळाशी ते स्वेटर होतं, कोपराला वहिनींनी वेगळ्या लोकरीने रफू केलेलं. त्या सकाळी अंगात तेच होतं. नंतर त्यांनी ते कधी घातलं नाही. ते नीट घडी करून त्यांनी वर कपडे रचले आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

७

शेवटच्या दिवशी ते सहालाच गेटवर पोचले. उजाडायला लागलं होतं. पहारेकरी त्यांना बघून उठला आणि मग आत इमारतीकडे बघायला लागला.

“काय झालं?” उठव्यांनी विचारलं.

“पुढे बाई गेल्या साहेब. मागून तुम्ही, दहा पावलं सोडून.” त्याने आत बोट दाखवलं. “मी बघितलं ना आत्ता.”

उठव्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि आत गेले. रस्त्यात कुठेच काही नव्हतं. तोच लांब बोळ, तेच बंद दरवाजे, त्यांच्याच चपलांचा आवाज. मशीनच्या खोलीच्या दाराला वर चौकोनी काच होती. बोळाच्या मध्यावर येईपर्यंत त्यांना खटक्यांचा आवाज यायला लागला होता. तेवीस वर्षं त्यांच्या बोटांनी तो केला होता, पण बाहेरून तो आज पहिल्यांदाच ऐकत होते. खट खट, मग थोडं थांबून, हं. तो आवाज त्यांचाच होता. फार रुसका होता. माणसाला आपला आवाज असा ऐकू येत नाही तेच बरं.

मग आकडे ऐकू आले. सात. शून्य. चार. कोरडे, एकसुरी, एकेक सुटा. उठव्यांनी हात भिंतीला टेकला. वर्षभर हा आवाज आठवायचा प्रयत्न करून करून त्यांच्याकडून तो हरवला होता, आणि आता तो तिथे दाराआड होता. ते रडत होते हे त्यांना उशिरा कळलं. आकड्यांवरून त्यांनी ओळखलं: सतरावा. अठरावा. त्यांना पुढे जावंसं वाटेना. दार उघडलं की आवाज थांबेल, अशी भीती वाटत होती. ते ऐकत राहिले. एकोणिसावा. विसावा.

एकविसाव्याला ते काचेशी पोचले. आत पॅनेलसमोर खुर्चीत एक माणूस पाठमोरा बसला होता. कोपराला वेगळ्या लोकरीने रफू केलेलं स्वेटर. स्टूल फितींच्या कपाटाआड होतं, काचेतून दिसत नव्हतं. पॅनेलवरच्या घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“हं,” माणूस म्हणाला आणि त्याने कळ दाबली.

पुढचा शब्द आला नाही.

उठव्यांनी दार ढकललं. काही झालं नाही; खोलीत ते शिरले, एवढंच. माणसाने मान हलवली नाही. ते धावतच कपाटाला वळसा घालून मागे गेले. या वेळी उशीर झाला नव्हता. जेमतेम अर्धं मिनिट झालं असेल.

स्टूल रिकामं होतं. त्याच्यावर कार्ड पडलेलं होतं, वहिनींच्या अक्षरातलं. उठव्यांनी ते उचललं, ते ऊबदार होतं. त्याच वेळी त्यांच्या छातीत डावीकडून काहीतरी वर चढत आलं आणि गुडघे गेले. बसायला जागा एकच होती. ते स्टुलावर बसले, पाठ कपाटाला टेकली आणि कार्ड मांडीवर आलं.

आधी त्यांना वाटलं, हाक मारू. अहो, एवढं जरी म्हटलं तरी पुरे. तोंड उघडलं, पण त्यातून काही बाहेर आलं नाही. मग त्यांनी कार्डाकडे बघितलं. बाविसावा शब्द खालच्या ओळीत होता, सहा आकडे. शिस्तीतलं असलं म्हणजे तरी निघेल, असं वाटून त्यांनी पहिला आकडा म्हणायचा प्रयत्न केला. तोही निघाला नाही. हात उचलत नव्हता. स्टूल सरकवावं तर पाय आपले राहिले नव्हते. एक डोळेच काय ते चालत होते.

आणि डोळ्यांना दिसत होती ती पाठ. चार हातांवर. ताठ मान. रागाने लाल झालेले कान. उजव्या हाताचं बोट खटक्यावर तयार, आणि डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर टकटक करत होती. ही टकटक आपण केली होती हे उठवे विसरून गेले होते. आता ती ऐकू येत होती. बघू कोण आधी बोलतं, असं ती म्हणत होती.

म्हणजे ती होती. हे ती ऐकत होती. ही पाठ ती बघत होती आणि आता वळतील, आता वळतील म्हणत होती. उठव्यांना मुलीचा प्रश्न आठवला. त्याचं उत्तर आता त्यांच्याजवळ होतं आणि ते सांगायला तोंड नव्हतं.

त्यांनी पाठीकडे बघत मनातल्या मनात जितकं जमेल तितकं विनवलं. टकटक चालूच राहिली. सहा चौदाला तो माणूस चिडून मागे वळणार होता. पॅनेलवरच्या घड्याळात आत्ता सहा अकरा झाले होते.